लॅपटॉप भंगारात देण्याआधी

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (म्हणजे सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून तू धडधाकट लॅपटॉप भंगारात काढायला निघालास? थांब जरा. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात, जुन्या मशीनमध्ये यातलं काहीतरी बहुधा नसतं, एवढंच. (कंपनीने 'जुनं' म्हटलं की आपणही माना डोलावतो, ही सवय आधी सोड.)

पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) टाक आणि लॅपटॉप त्यावरूनच सुरू करून बघ. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते तपास. बॅकअपशिवाय इन्स्टॉलचं बटण दाबायचं नाही. हे मी रडून शिकलोय.

खरी मेख फायलींमध्ये आहे. माझा नव्वदच्या दशकातला सगळा मराठी मजकूर एका कंपनीच्या फाँटमध्ये अडकलाय. तो फाँट नसला की पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची भेळ. मजकूर माझा, किल्ली त्यांची! म्हणून युनिकोडमध्येच लिही (ही अक्षरांची सामायिक पद्धत, एका फाँटवर अडत नाही), आणि लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस-प्रोग्रॅममध्ये ओडीटी या खुल्या फाइल-प्रकारात सेव्ह कर.

टॅली (हिशेब) किंवा ऑटोकॅड (आराखडे) अशा विंडोजवरच्या प्रोग्रॅमवर पोट असेल तर मात्र एका पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागात, विंडोज राहू दे बाबा. फक्त अपडेट थांबलेत, म्हणून त्याला शक्यतो इंटरनेट देऊ नकोस.