त्रिशंकू संसद, टेल्स्ट्राचे शेअर आणि ऑफसेटमधले 30,000 डॉलर

प्रश्न (मेलबर्नहून, सप्टेंबर 2010) : माझ्या नावावर ऑस्ट्रेलियातली दूरसंचार कंपनी टेल्स्ट्रा हिचे 6,000 शेअर आहेत. 4,000 शेअर टी-3 विक्रीत (सरकारने टेल्स्ट्रातला आपला हिस्सा विकण्याच्या तिसऱ्या फेरीत) 3.60 डॉलरने आणि 2,000 शेअर 2007 मध्ये 4.50 ने घेतले. आता भाव तीन डॉलरच्या खाली आहे. सरकार कुणाचं ते ठरलं की शेअर उसळेल, असं सगळे म्हणतात. गृहकर्जाच्या (दर 7.4 टक्के) ऑफसेट खात्यातले (यातली शिल्लक कर्जातून वजा धरूनच व्याज लागतं) 30,000 डॉलर काढून आणखी घ्यावेत का? मी 30 टक्के कराच्या टप्प्यात आहे. मिस्टर ब्रन्सविकमध्ये फायबर टाकणाऱ्या एका कंत्राटदाराकडे आहेत, त्यांचं कंत्राट डिसेंबरपर्यंत आहे.

उत्तर : घेऊ नका. भाव वर जाणार नाही असं मी म्हणत नाही, जाईलही. पण हे पैसे ज्या कामासाठी बाजूला ठेवलेत, ते काम आत्ताच निघण्याची शक्यता आहे.

ऑगस्टच्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नाही. आज, 3 सप्टेंबर 2010 ला, 150 जागांच्या सभागृहात सत्तेतल्या लेबर पक्षाकडे ग्रीन्सचे बँट आणि अपक्ष विल्की धरून 74 आहेत, विरोधी आघाडीकडे, म्हणजे कोअलिशनकडे, 73. बहुमताला 76 लागतात. उरलेल्या तीन अपक्षांपैकी, म्हणजे विंडसर, ओकशॉट आणि कॅटर यांच्यापैकी, लेबरला दोघे पुरतात, कोअलिशनचे नेते ॲबट यांना तिघेही हवेत. तिघेही ग्रामीण मतदारसंघांतले आहेत आणि ब्रॉडबँड हा त्यांच्या मागण्यांतला मोठा मुद्दा आहे. लेबर सरकारच्या 43 अब्ज डॉलरच्या राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळ्याच्या (एनबीएन, घरोघर फायबर नेण्याची योजना) पहिल्या टप्प्यातलं वेस्ट आर्मिडेल तर विंडसर यांच्याच मतदारसंघात येतं. त्यामुळे हे जाळं तगण्याचं पारडं मला किंचित जड वाटतं. पण या अंदाजावर 30,000 डॉलर लावू नयेत.

कारण सरकार ठरलं म्हणजे टेल्स्ट्राचं ठरलं, असं नाही. जूनमध्ये टेल्स्ट्रा आणि एनबीएन उभारणारी सरकारी कंपनी यांच्यात झालेला 11 अब्जांचा करार हा फक्त प्राथमिक करार आहे, बंधनकारक नाही. त्यातले 9 अब्ज एनबीएन कंपनीकडून, म्हणजे तांब्याच्या तारा बंद करून ग्राहक फायबरवर नेण्यासाठी आणि डक्ट (तारांचे भूमिगत मार्ग), खड्डे वगैरे वापरू देण्यासाठी. उरलेले 2 अब्ज सरकारी धोरणबदलांतून अपेक्षित आहेत. यापुढे अंतिम करार, स्पर्धा आयोगाची तपासणी आणि भागधारकांचं मतदान व्हायचं आहे. टेल्स्ट्राच्या विभाजनाचं (घाऊक आणि किरकोळ धंदा वेगळा करण्याचं) विधेयक संसद विसर्जित झाली तेव्हाच बाद झालं, ते पुन्हा मांडावं लागेल. सिनेटमध्ये तर नवे सदस्य 1 जुलै 2011 ला बसतील, तोवर जुनंच गणित चालणार. शिवाय सध्याचं सरकार काळजीवाहू आहे. संकेतानुसार ते मोठे नवे करार करत नाही.

उलट कोअलिशन आलं तर? त्यांची योजना सुमारे 6 अब्जांची आहे आणि एनबीएन रद्द करणं हा तिचा गाभाच आहे. मग तो करार गेला. पण शेअरचा तेवढाच तोटा झाला, असं धरू नका. 11 अब्ज भागिले सुमारे 12.4 अब्ज शेअर म्हणजे शेअरमागे 89 सेंट होतात. हे अनेक वर्षांत मिळणाऱ्या पैशाचं आजचं मूल्य आहे. त्याच्या बदल्यात टेल्स्ट्रा तांब्याच्या जाळ्यावरचं उत्पन्न सोडणार होती. करार फिसकटला तर ते जाळं तिच्याकडेच राहतं. म्हणून कुठल्याही निकालाला 'उसळी' किंवा 'कोसळणं' असं थेट जोडता येत नाही.

खरं दुखणं वेगळंच आहे, त्याकडे निवडणुकीच्या गडबडीत फारसं कुणी बघत नाही. 12 ऑगस्टच्या निकालात कंपनीनं चालू वर्षी व्याज, कर आणि घसारा धरण्यापूर्वीचा नफा एक अंकी, पण दहाच्या जवळ जाणाऱ्या टक्क्यांनी घटेल असं सांगितलं आणि भाव तेव्हाच पडला. घराघरांतून लँडलाइन जाते आहे. ते कॅनबेरात कुणीही बसलं तरी थांबणार नाही.

आता तुमचा हिशेब. भाव 2.80 धरू. 30,000 मध्ये सुमारे 10,700 शेअर येतील. वर्षाचा लाभांश 28 सेंट, फ्रँकिंग क्रेडिट (कंपनीनं आधीच भरलेल्या कराचं श्रेय) धरून 40. तुमचा 30 टक्के कर आणि दीड टक्का मेडिकेअर (आरोग्यकर) वजा जाता हातात 27.4 सेंट, म्हणजे वर्षाला साधारण 2,930 डॉलर. तेच पैसे ऑफसेटमध्ये राहिले तर 2,220 डॉलर व्याज वाचतं, त्यावर करही नाही. फरक सातशे डॉलरचा. भाव सात सेंटांनी घसरला की वर्षभराची जादा कमाई गेली, आणि हा शेअर सात सेंट एका दिवसातही पडतो. मागच्या वर्षीचा शेअरमागचा नफा सुमारे 31 सेंट होता, त्यातले 28 वाटले. नफा घटणार म्हटल्यावर या लाभांशाला फार मोकळी जागा उरत नाही.

पुष्कळ जण इथे आणखी एका गोष्टीत फसतात. ऑफसेटमधून काढलेले पैसे म्हणजे नवं कर्ज नव्हे. मूळ कर्ज घरासाठीच राहतं, त्यामुळे वाढलेल्या व्याजाची करवजावट मिळत नाही. वजावट हवी असेल तर बँकेकडून गुंतवणुकीसाठी वेगळं कर्जखातं करून घ्यावं लागतं. शिवाय शेअर ऑगस्टमध्येच एक्स-डिव्हिडंड झाला आहे. आज घेतलेल्या शेअरना सप्टेंबरचे 14 सेंट मिळणार नाहीत, पुढचा लाभांश थेट मार्चच्या सुमारास.

मला सर्वांत जास्त खटकतं ते मिस्टरांचं कंत्राट. एनबीएन थांबलं किंवा बोलणी लांबली, तर डिसेंबरनंतर त्यांच्या कामावर पहिला घाला पडेल. मुख्य पगार त्याच निर्णयावर टांगलेला असताना ऑफसेटही त्यावर लावणं म्हणजे दोन्ही पाय एकाच होडीत. हे 30,000 म्हणजे काम नसताना घर आणि हप्ते चालवायचे पैसे. तुमचा महिन्याचा खर्च 5,000 असेल तर फक्त सहा महिने.

आहेत ते शेअर घाईत विकू नका, सरासरी खाली आणायला नवेही घेऊ नका. यंदा दुसरीकडे भांडवली नफा झाला असेल, तर 4.50 वाले 2,000 शेअर विकून सुमारे 3,400 डॉलरचा तोटा त्यातून वळता करता येईल. कोणता लॉट विकला याची नोंद ठेवा. करासाठी विकून लगेच परत घेऊ नका, कर कार्यालय असे व्यवहार मान्य करत नाही. नफा नसेल तर तोटा पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवता येतो, त्याला मुदत नाही.

कंत्राट वाढल्याचं पत्र हातात आलं की, सरकार कुणाचंही असो, 10,000 डॉलरपर्यंत विचार करा. तेही एकट्या टेल्स्ट्रात नको.