प्रश्न: अमेरिकेत अधिकाऱ्यावर सँडविच फेकणारा माणूस ज्युरीनं निर्दोष सोडला. कायदा न शिकलेल्या बारा लोकांच्या हाती न्याय देणं हा वेडेपणा नाही का?

तसल्या बारा लोकांत मी एकदा बसलेली आहे, वेगळ्या खटल्यात. आणि ‘कायदा न शिकलेले’ हे शब्द माझ्या सख्ख्या भावाकडून इतक्यांदा ऐकलेत की प्रश्न वाचून वाटलं, दादानंच खोट्या नावानं टाकला की काय. दादा साताऱ्यात वकिली करतो. मी एडिसनला असते, न्यू जर्सीत.

सँडविचचं आधी उरकते. 10 ऑगस्ट 2025 च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये शॉन डन नावाच्या माणसानं गस्तीवरच्या केंद्रीय अधिकाऱ्यांना शिव्या घातल्या आणि हातातलं सँडविच सीमा सुरक्षेच्या एका अधिकाऱ्याच्या छातीवर फेकलं. व्हिडिओ जगानं पाहिला. डन न्याय खात्यातच कामाला होता, ती नोकरी गेली. सरकारला त्याच्यावर गंभीर गुन्हा लावायचा होता, पण त्याला ग्रँड ज्युरीची, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या गटाची, संमती लागते, आणि ग्रँड ज्युरी चक्क नाही म्हणाली. न्यूयॉर्कचे मुख्य न्यायाधीश सोल वॉक्टलर 1985 मध्ये म्हणाले होते की सरकारी वकिलानं ठरवलं तर ग्रँड ज्युरी हॅम सँडविचवरसुद्धा आरोप ठेवेल. इथं सँडविच खरोखरचं होतं आणि तरी जमलं नाही! मग किरकोळ गुन्ह्याचं कलम लावून खटला चालवला. अधिकारी साक्षीत म्हणाला की सँडविच अंगावर फुटलं, कांद्याचा नि मस्टर्डचा वास आला. बचावाच्या वकिलानं फोटो दाखवला, त्यात सँडविच कागदात गुंडाळलेलंच खाली पडलेलं. 6 नोव्हेंबर 2025 ला ज्युरीनं डनला निर्दोष ठरवलं.

त्यानं फेकलं की नाही हा वाद नव्हताच. ते त्यालाही मान्य होतं. बचाव एवढाच होता की कायदा ज्याला बळानं केलेला हल्ला म्हणतो, तो हा नव्हे. ‘केलंय ना? मग दोषी’ असं आपल्याला घरी बसून वाटतं. मलाही वाटायचं.

2019 ला मला ज्युरीत बसायचं समन्स आलं. नागरिकत्व घेऊन तीन वर्षं झाली होती. मतदार यादी, ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचा टॅक्स, कुठल्या ना कुठल्या यादीतून नाव निघतंच. आमच्या ओळखीतले अर्धे लोक ‘इंग्लिश नीट येत नाही’ असं लिहून समन्स परत धाडतात. दिवसभर इंग्लिशमध्ये मीटिंगा घेणारे लोक हे! आणि तेच पुढं कुठल्याही निकालावर व्हॉट्सअॅपवर प्रवचनं झोडतात. त्यांच्यावरचा राग आहे तो आहे, लपवत नाही.

तर न्यू ब्रन्सविकला पॅटरसन स्ट्रीटवरच्या कोर्टात गेले. तेव्हा पहिले तीन दिवस रोजचे 5 डॉलर आणि चौथ्या दिवसापासून 40. खटला चार दिवस चालला, म्हणजे माझी कमाई 55 डॉलर. निवडीच्या वेळी जज प्रत्येकाला विचारतात, तुम्ही किंवा घरचं कुणी गुन्ह्याला बळी पडलंय का. मी हो म्हटलं. मग जजच्या टेबलाजवळ बोलावलं. दोन्हीकडचे वकील आले आणि बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून स्पीकरमधून नुसती खरखर सुरू केली. त्या खरखरीत मी सांगितलं की 2004 मध्ये साताऱ्यात पोवई नाक्याजवळ मोटरसायकलवरच्या दोन पोरांनी माझ्या आईचं गंठण ओढलं, ती रस्त्यावर आपटली, मनगट मोडलं. जजनी विचारलं, हे बाजूला ठेवून निर्णय देता येईल? मी म्हटलं, येईल. खोटं बोलले नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं.

खटला असा: एका दुकानाच्या पार्किंगमध्ये बावीसेक वर्षांच्या पोरानं एका बाईच्या हातातला फोन हिसकावला आणि पळाला. वळताना त्याचं कोपर तिला लागलं, ती फरशीच्या कडेवर पडली, गुडघा फुटला. फोन त्याच्याकडेच सापडला. म्हणजे चोरी सिद्धच होती. आरोप मात्र जबरी चोरीचा. जजनी तासभर सूचना वाचून दाखवल्या आणि त्याची प्रतही दिली. मुद्दा एकच: बळ जाणूनबुजून वापरलं असेल तर जबरी चोरी, धक्का चुकून लागला असेल तर नुसती चोरी. शिक्षा किती ते ज्युरीला सांगत नाहीत. घरी आल्यावर शोधलं, तेव्हा कळलं की या एका शब्दावर पाच ते दहा वर्षं लटकलेली होती.

साक्षी ऐकायला आम्ही चौदा जण होतो. शेवटी डब्यातून नंबर काढून दोघांना बाजूला केलं. त्यातल्या एका आजोबांचा चेहरा इतका पडला की वाटलं, माझी जागा त्यांना द्यावी. खोलीत गेल्यावर पहिला कौल घेतला: नऊ जण जबरी चोरी, तीन जण नुसती चोरी. मी नवांत. माझं म्हणणं सरळ होतं, बाई पडली, रक्त आलं, अजून काय पाहिजे?

तिघांत शाळेची बस चालवणारी एक बाई होती. साठीची, जाड भिंगांचा चष्मा, पर्समध्ये आल्याच्या गोळ्या. ती म्हणाली, कॅमेऱ्यात तो क्षण व्हॅनच्या आड जातो, मग आपण करूनच बघू. टेबल सरकवलं. उंचीनं मी त्या बाईएवढी, म्हणून मी बाई झाले. गोदामात काम करणारा एक पोरगा चोर झाला. आमचे फोन कोर्टाच्या शिपायानं काढून घेतलेले, म्हणून माझी चष्म्याची डबी फोन झाली. तो डबी ओढायचा, वळायचा, पळायचा. सहा वेळा केलं. तीनदा कोपर लागलंच नाही. दोनदा खांद्याला घासलं. सहाव्यांदा ते सणकून माझ्या हनुवटीवर बसलं आणि मी खुर्चीवर आदळले. पोरगा पांढराफटक पडला. सॉरी मॅम, सॉरी मॅम म्हणत डबी परत माझ्या हातात द्यायला लागला.

सगळे गप्प. मी हनुवटी धरून म्हणाले, ‘‘पण ती पडली ना! या वयात पडल्यावर हाड जुळत नाही नीट.’’

बसवाली बाई माझ्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, गुडघा फुटला होता, हाड कुठं मोडलं होतं? आणि ती बाई तर पस्तिशीची. तू नक्की कुणाबद्दल बोलतेयस?

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही फुटेज पुन्हा मागवलं, चार वेळा पाहिलं, सूचनांमधला तो परिच्छेद पुन्हा वाचला. बाराही जणांचं एकमत झालं: चोरी सिद्ध, जबरी चोरी नाही. फोरमननं निकाल वाचला तेव्हा मी त्या पोराकडं बघितलंसुद्धा नाही. माझा राग गेला नव्हता, अजूनही पुरता गेलेला नाही. पण राग हा काही पुरावा नव्हे.

त्या दिवाळीला साताऱ्याला गेले आणि कौतुकानं हे दादाला सांगितलं. दादा म्हणाला, ‘‘म्हंजे चोर सोडलास.’’ मी म्हटलं, चोरीत दोषी धरलाय. तर म्हणे, ‘‘आईसमोर सांग की हे.’’ मग नानावटी सुरू झाला. वकिलाशी ज्युरीवर बोललात की नानावटी येतोच. 1959, मुंबई, नौदलाचा कमांडर, बायकोच्या प्रियकरावर तीन गोळ्या, ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी सोडला, हायकोर्टानं जन्मठेप दिली, आणि म्हणून भारतानं ज्युरी बंद केली. बघ्यांचा न्याय, इति दादा.

दादा हे वाचणार आहे, म्हणून नीट लिहिते. एक, ज्युरी बंद करा ही शिफारस विधी आयोगानं 1958 मध्येच केली होती, गोळ्या झाडल्या जाण्याच्या आदल्या वर्षी. नानावटी फक्त निमित्त झाला. दोन, तिथं बहुमतानं भागत होतं. माझ्या खोलीत नवांचं बहुमत पहिल्या पाच मिनिटांत झालं होतं! एकमताची अट नसती तर कोपराचा प्रयोग झालाच नसता आणि मी त्याला जबरी चोरीत धाडून घरी येऊन जेवले असते. तीन, नानावटीच्या वेळी ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानं त्याच्या बाजूनं बाहेर रान उठवलं होतं, आणि त्याला राज्यपालांनी माफी दिली 1964 मध्ये. ती काही ज्युरीनं दिलेली नव्हती. 

आई तिथंच बसून मेथी निवडत होती. तिच्या गंठणाच्या केसमध्ये पोलिसांनी एक पोरगा पकडला होता. ओळख परेडला नेताना दादा तिला म्हणाला होता, तोच असणार, बेधडक बोट दाखव. तिनं दाखवलं नाही. पोरगा सुटला. त्यावरून दादा वर्षभर तिच्याशी धड बोलत नव्हता. आमचा वाद ऐकून ती मान वर न करता म्हणाली, ‘‘मी त्याचं तोंड बघितलंच नव्हतं रे. पाठ बघितली होती.’’ आणि काड्या बाजूला करत राहिली.

ट्रम्पवरच्या न्यूयॉर्कच्या खटल्याचं पण असंच. 30 मे 2024 ला ज्युरीनं 34 पैकी 34 आरोपांत दोषी ठरवलं, आणि आमच्या ग्रुपवर निम्म्यांनी पेढे वाटले, निम्म्यांनी त्या बारा जणांना विकलेले म्हटलं. त्या बारा जणांनी पेकर या साक्षीदाराची साक्ष पुन्हा वाचून मागितली, जजच्या सूचना पुन्हा ऐकल्या, हे कुणाच्या गावीही नाही. मला आठवतो तो निवडीचा पहिला दिवस. 96 जण बोलावले होते आणि निम्म्याहून जास्त जण ‘आम्हाला निष्पक्ष राहता येणार नाही’ म्हणून उठून गेले. लोक हसले त्यांना. मी नाही हसले. मी तर त्या खरखरीत ‘येईल’ म्हणून बसले होते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर दादा खाली कमेंटमध्ये लिहील. 1955 मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाच्या मारेकऱ्यांना बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीनं जेमतेम तासाभरात सोडलं, आणि नंतर त्यांनी मासिकाला मुलाखत देऊन खून कबूल केला. सुटल्यावर पुन्हा खटला नाही, त्यामुळं काही करता आलं नाही. एका रंगाचे, एका गावचे बारा जण म्हणजे एकच माणूस बारा वेळा. शिवाय इथले नव्वद टक्क्यांहून जास्त गुन्हेगारी खटले ज्युरीपर्यंत पोचतच नाहीत, बहुतेक तडजोडीत गुन्हा कबूल करून मिटतात. म्हणजे मी सांगतेय ते बहुतेक आरोपींच्या नशिबी येतच नाही. आणि भारतात ज्युरी परत आणा असं मी म्हणत नाही, आपल्याकडं साक्षीदाराला घरी जाऊन दम देतात, तिथं बारा ज्युररांचं काय होईल.

पण कायदा न शिकलेले म्हणून वेडेपणा? नाही. कायदा जजनी समजावून सांगितला, कागदावर दिला. कोपर लागलं की मारलं, हे ठरवायला एलएलबी लागत नाही. तिथं ‘तू नक्की कुणाबद्दल बोलतेयस’ असं विचारणारं कुणीतरी लागतं. दादाला असं कुणी विचारलेलं मी आजवर पाहिलेलं नाही.

तुम्ही इथं नागरिक असाल आणि समन्स आलं, तर जा. पुस्तक न्या, स्वेटर न्या, तिथं एसी फार असतो. मला परवा पुन्हा आलंय. दादाला अजून सांगितलेलं नाही.