निवडणुकीच्या दिवसांत मराठवाड्यातल्या तरुणांचं रोजचं आयुष्य कसं असतं? त्यांना राजकारणाची एवढी चीड का येते, आणि मग ते स्वतः करतात काय, असं तुम्ही विचारलंय.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. वय पंचवीस, बी.ए. झालंय, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास चालू आहे. २०२४ साली आमच्याकडे दोन मोठ्या निवडणुका झाल्या. लोकसभेचं मतदान २६ एप्रिलला आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला. मी विधानसभेबद्दल लिहिते, कारण तेव्हा मी गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत काम करत होते.

काम म्हणजे मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतलं. बारावीवाल्याला महिना ६ हजार, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८ हजार, पदवीवाल्याला १० हजार विद्यावेतन, मुदत सहा महिने. लोक याला 'लाडका भाऊ' म्हणायचे, पण आमच्या भागात कितीतरी पोरी यात होत्या. पहाटे उठायचं, पाणी भरायचं, भाकरी थापायच्या, शाळेच्या आधी रानात जाऊन जमेल तेवढा कापूस वेचायचा. दहाला शाळा. संध्याकाळी जेवणं उरकली की पुस्तक. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा २५ ऑगस्टला व्हायची होती. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर ती पुढे गेली आणि १ डिसेंबर ही तारीख पडली. म्हणजे मतदानानंतर अकरा दिवसांनी पेपर. प्रचाराचे भोंगे लावलेले ऑटो दिवसभर गल्लीतून फिरायचे. भोंग्याला रात्री दहापर्यंत परवानगी, आणि माझ्या अभ्यासाची वेळही नेमकी तीच. एक गाडी वेशीबाहेर गेली की दुसऱ्या पक्षाची आत यायची. मग मी दहानंतर बसायचे आणि पहाटे कापसात डुलक्या घ्यायचे.

पोरांचे दिवस वेगळे जायचे. माझ्या वर्गातले बहुतेक जण त्या महिन्यात कुणा ना कुणाच्या गाडीत होते. गळ्यात उपरणं, दिवसाची हजेरी, गाडीत पेट्रोल, रात्री ढाब्यावर जेवण. त्यांच्यावर कुणी बोट दाखवलं की मला राग येतो. पोलीस भरतीसाठी वर्षानुवर्षं मैदानावर पळणाऱ्या पोराला गावात दुसरं रोख पैशाचं काम कुठं आहे? त्याला ते चार पैसे लागतात, आणि आपल्याला कुणीतरी नावानं ओळखतं हेही त्याला हवं असतं. निकालानंतर त्यांच्यातल्या एकाचाही फोन कुणी उचलत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं.

आता चिडीचं सांगते. पहिली चीड 'घरात किती मतं?' या प्रश्नाची. कार्यकर्ते ओट्यावर येऊन बसतात, अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारतात, अण्णा सांगतात, पाच. त्या पाचांत मी आहे, माझी माय आहे, आजी आहे. आम्ही तिघी तिथंच उंबऱ्याच्या आत उभ्या असतो. त्या वर्षी आमच्याकडे वळून एवढंच विचारलं गेलं, "ताई, पैसे आले ना खात्यात?" लाडक्या बहिणीचे जुलै ते नोव्हेंबरचे साडेसात हजार आचारसंहितेच्या आधी जमा झाले होते. मायचे आले होते, आणि त्यातून तिनं आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. ते पैसे तिला पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता खर्च करता आले, ही गोष्ट मी कधीच कमी लेखणार नाही. पण पैसे आले का, एवढ्यावर आमच्याशी बोलणं संपतं.

मी त्या दिवशी विचारलं, "उपकेंद्रातल्या सिस्टरची जागा कधी भरणार?" गावात बाळंतपणाची वेळ आली की तालुक्याला न्यावं लागतं, म्हणून विचारलं. त्यांच्यातला एक कार्यकर्ता म्हणाला, "ते जिल्हा परिषदेचं काम हाय ताई, हे आमदारकीचं इलेक्शन हाय." उत्तर बरोबरच होतं. पण तेव्हा जिल्हा परिषदेत विचारायचं कुणाला? त्याआधीची निवडणूक २०१७ मध्ये झालेली, मुदत मार्च २०२२ मध्ये संपलेली आणि तिथून पुढे प्रशासक. त्या नोव्हेंबरात आमच्या गटाला सदस्य नव्हता, पंचायत समितीला सभापती नव्हता. शाळा, उपकेंद्र, गावचा रस्ता, नळयोजना, ज्या गोष्टींशी आमचा रोज संबंध येतो त्या सगळ्या याच दोन कार्यालयांतून चालतात. तिथं आमच्या मतानं बसलेलं एकही माणूस नव्हतं, आणि मुंबईत कोण बसणार यासाठी गावात रात्रंदिवस भोंगे चालू होते. लोकशाहीचा उत्सव म्हणतात, तेव्हा मला हे आठवतं.

दुसरी गोष्ट शाळेतली. ही मी डोळ्यांनी पाहिली. आमची शाळा मतदान केंद्र होती. निवडणूक आयोगाचा नियम आहे की प्रत्येक केंद्रावर पाणी, लाईट, संडास आणि रॅम्प पाहिजेच. कोपऱ्यातल्या वर्गात पावसाळ्यापासून लाईट नव्हती. मुलं दाराजवळ सरकून लिहायची. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात वायरमन आला, नवे होल्डर बसले, दोन ट्यूब लागल्या, पंखा फिरला. पाण्याची टाकी धुतली. मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती, ती बसली. गुरुजी तेव्हा निवडणुकीच्या ट्रेनिंगला, म्हणून मी आणि माझ्यासोबतच्या प्रशिक्षणार्थीनं सगळे वर्ग एकत्र बसवले होते. पायऱ्यांवर लाकडी रॅम्प ठेवला. तिसरीत एक पोरगा आहे, पायानं अधू. त्याचा मोठा भाऊ त्याला रोज उचलून वर आणतो. त्या दिवशी तो कुबडीवर आपला आपण चढला, उतरला, परत चढला. मधल्या सुट्टीत खाऊही खाल्ला नाही त्यानं, नुसता वर-खाली करत होता. मतदान झालं, पेट्या गेल्या, दुसऱ्या दिवशी टेंपो आला आणि रॅम्प घेऊन गेला. तो भाड्याचा होता.

ट्यूब आणि कडी राहिली. त्याबद्दल मी आभारीच आहे. पण तेव्हापासून मला 'निधी नाही' हे कारण पटत नाही. एका दिवसासाठी, ठरलेल्या तारखेला, वाडी-तांड्यावरच्या प्रत्येक शाळेत हीच यंत्रणा लाईट पोचवू शकते. तालुक्याच्या साहेबांना त्या आठवड्यात प्रत्येक खोलीचा नंबर पाठ होता. म्हणजे काम कसं करायचं ते माहीत आहे, माणसं आहेत, पैसे निघतात. मतदाराला एक दिवस जे मिळणं सक्तीचं आहे ते त्या पोराला वर्षभर का मिळत नाही, हे मला आजवर कुणी पटेल असं सांगितलं नाही.

सोयाबीनचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळीकडे तेच होतं. त्या वर्षी हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल. प्रचारात एक बाजू सहा हजार देऊ म्हणत होती, दुसरी सात हजार. आणि मोंढ्यात, म्हणजे तालुक्याच्या बाजारात, भाव चार हजारांच्या आसपास. अण्णा खरेदी केंद्रावर गेले तर ओल जास्त म्हणून माल परत. बारा टक्क्यांची अट होती, ती पंधरावर नेली मतदानाच्या चार-पाच दिवस आधी. तोवर हरभऱ्याच्या पेरणीला बी-खत घ्यायचं म्हणून आमचे कट्टे आडतीवर गेले होते. मोंढ्याच्या बाहेरच सभेचा मंडप होता. अण्णा हिशोबाची चिठ्ठी खिशात घालून त्या सभेला थांबले, कारण गावातून ज्या गाडीत आले होते ती सभेचीच होती.

जातीचं लिहू की नको असं वाटत होतं, पण ते सोडलं तर उत्तर अर्धवट राहील. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. अंतरवाली आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यात. पुढारी नकोत म्हणून गावागावांत गावबंदीच्या पाट्या लागल्या. पुढच्या जूनमध्ये तिथून जवळच वडीगोद्रीला, आमच्या आरक्षणाला धक्का नको म्हणून, ओबीसींचं उपोषण झालं. मी मराठा. माझी अभ्यासिकेतली सगळ्यात जवळची मैत्रीण ओबीसी. आम्ही एकाच पुस्तकाच्या झेरॉक्सवर अभ्यास केलेला. त्या नोव्हेंबरात अभ्यासिकेत बसायच्या जागा बदलल्या. कुणी कुणाला उठ म्हणालं नाही, पण आडनावं बघून बाकं भरायला लागली. नोट्स टाकायच्या ग्रुपवर रात्री भाषणांचे तुकडे यायला लागले. एकदा तिला कुणीतरी टाकून बोललं आणि ती आठवडाभर आलीच नाही. मी तिच्या घरी गेले. तिच्या मावशीनं चहा दिला, पण मी कुणाच्या सांगण्यावरून आलेय का, ही शंका त्यांच्या बोलण्यात होती. लहानपणापासून त्या घरात जाणं-येणं असताना असं कधी झालं नव्हतं.

आरक्षणाची मागणी मला खोटी वाटत नाही. दोन-तीन एकरांचे तुकडे उरलेत, त्यावर घर चालत नाही, हे मी आमच्याच घरात बघते. तिच्या घरच्यांची भीतीही खोटी नाही. पण २०२३ ची तलाठी भरती घ्या. जागा ४,६४४. अर्ज दहा लाखांच्या वर. खुल्या गटाला हजार रुपये फी, राखीवला नऊशे. त्या जागा कशाही वाटा, कुणालाही द्या, नऊ लाख पंच्याण्णव हजारांच्या वर पोरं बाहेरच राहतात. मी आणि माझी मैत्रीण, दोघी बाहेर राहिलो. जागा एवढ्या कमी का, रिकाम्या पदांची भरती वर्षानुवर्षं का रखडते, मराठवाड्यात कारखानदारी वाळूजच्या आणि जालन्याच्या पुढे का सरकत नाही, हे मी ऐकलेल्या एकाही सभेत कुणी बोललं नाही. मराठवाडा विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली आणि त्या निवडणुकीपर्यंत ते परत उभं राहिलं नव्हतं, हेही मला अभ्यासाच्या पुस्तकातून कळलं, भाषणातून नाही. आमच्या भागानं चार मुख्यमंत्री दिले. तरी डिग्री झाली की पोरगं पुण्याची गाडी धरतं, चाकणला नाहीतर हडपसरला. मतदानाला त्यांना आणायला खास गाड्या गेल्या होत्या. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं आणखी अवघड, कारण गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि मतदान २० ला. ज्यांनी मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, ते कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, आधीच निघून गेले.

तुम्ही शेवटी विचारलंय, मग तुम्ही करता काय? मी मत देते. आणि त्या वर्षी एक गोष्ट केली, ती कुणालाही करता येईल. प्रत्येक उमेदवाराचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या साईटवर असतं. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण, सगळं त्यात. मी मोबाईलवर उघडलं आणि संध्याकाळी कापूस भरताना माय, काकू आणि शेजारच्या बायकांना वाचून दाखवलं. गुन्ह्यांच्या कलमांना त्या फारशा थांबल्या नाहीत. जमिनीला थांबल्या. गट नंबर, एकर, गाव. काकू म्हणाली, "पाच वर्साखाली किती होती ते बघ बरं." मागच्या निवडणुकीचं शपथपत्रही सापडलं. दोन्ही आकडे मी परत परत वाचायला लावले त्यांनी. मग त्यांचं त्यांचंच बोलणं सुरू झालं, कोणती जमीन कुणाची होती आणि कधी गेली. भाषण ऐकून असं बोलणं आमच्या अंगणात कधी झालं नव्हतं.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेला त्यातल्या बऱ्याच जणी आल्या. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, ती आमच्याकडे कागदावरच व्हायची. यावेळी खरी झाली. दोन ठराव घेतले: सिस्टरची जागा भरण्यासाठी वर पत्र, आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून शाळेला सिमेंटचा रॅम्प. गावात अण्णांसकट काही जणांना हे आवडलं नाही, 'पोरीला शाळेत पाठवलं, राजकारणात नाही' असं ऐकून घ्यावं लागलं. पत्रानंतर शेजारच्या उपकेंद्रातली सिस्टर आठवड्यातून दोनदा येऊ लागली. रॅम्पचं अंदाजपत्रक झालंय, काम सुरू झालेलं नाही. माझं प्रशिक्षण पाच महिने वाढवून मिळालं आणि अकरा महिन्यांनी संपलं, त्यामुळे आता शाळेत मी रोज नसते. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मात्र मी ग्रामसेवकाकडून घेऊन ठेवली आहे. कोणत्याही निवडणुकीचा उमेदवार ओट्यावर आला की मतं मोजायच्या आधी ती त्याच्या हातात देणार आहोत.