‘के’ने सुरू होणाऱ्या नी, नो, नाइफ, नॉक, नॉट यांचे अर्थ काय? आणि त्यातला ‘के’ का बोलत नाहीत?
नी म्हणजे गुडघा, नो म्हणजे माहीत असणे, नाइफ म्हणजे सुरी, नॉक म्हणजे दार ठोठावणे, नॉट म्हणजे गाठ. ‘के’ फक्त लिहायचा. जुन्या इंग्रजीत तो बोलत असत. साधारण 17व्या शतकात तो जिभेवरून गळला, स्पेलिंगमध्ये मात्र अडकून राहिला. जर्मन लोक गुडघ्याला आजही ‘क्नी’च म्हणतात. गंमत म्हणजे हा गुडघा आपल्या नात्यातलाच: ‘आजानुबाहू’मधला ‘जानु’ आणि ‘नी’ यांचं मूळ एकच. ‘नो’ आणि ‘जाणणे’ यांचंही तसंच. पण ‘के’ न बोलण्याचा हा नियम शब्दाच्या सुरुवातीला ‘के’ला चिकटून ‘एन’ असेल तरच. की, किंग, किचनमध्ये ‘के’ ठणठणीत ऐकू येतो.