स्क्रिप्टने पाठवलेल्या ईमेलची पोच

प्रश्न : मी रावेर तालुक्यातील एका केळी उत्पादक गटाचा हिशेब सांभाळतो. दिवसभरात कापलेल्या मालाचे वजन, भाव आणि वजनकाट्याच्या पावतीचा क्रमांक हा तपशील रोज सायंकाळी ७ वाजता ६२ सभासदांना ईमेलने जावा, यासाठी मी उबुंटू लिनक्सवर एक छोटी स्क्रिप्ट लिहिली आहे. टर्मिनलमध्ये हाताने चालवली, की ती 'मेल' या आज्ञेच्या साहाय्याने कोणतीही चूक न दाखवता पूर्ण होते. तरीही काहींचे ईमेल स्पॅममध्ये सापडतात, काहींना ते मिळतच नाहीत आणि काहींना विषयाच्या ओळीतील मराठी अक्षरे विस्कटलेली दिसतात. ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या क्रॉनवर लावल्यास मात्र काहीच घडत नाही. क्रॉनची ओळ सोबत जोडली आहे. फाइलच्या नावात आजची तारीख यावी, अशी सोय मी त्या ओळीतच केली आहे. चूक कोठे आहे?
— एक वाचक, रावेर

उत्तर : आपण क्रॉनची ओळ सोबत पाठवली हे फार बरे केले, कारण एक दोष तिच्यातच आहे. तारखेचा साचा लिहिताना आपण टक्क्याची चिन्हे वापरली आहेत, आणि क्रॉनच्या तक्त्यात टक्क्याचे चिन्ह आले की आज्ञा तेथे संपली, असे मानून क्रॉन उरलेला मजकूर त्या आज्ञेला इनपुट म्हणून देतो. त्यामुळे आपली आज्ञा अर्ध्यावर तुटते. प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश दिल्यास हे थांबेल. त्याहून चांगले म्हणजे तारीख काढण्याचे काम स्क्रिप्टच्या आत न्यावे आणि तक्त्यात केवळ स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता ठेवावा. स्क्रिप्टमधील फाइलींचे पत्तेही पूर्ण लिहावेत, कारण टर्मिनलमध्ये आपल्याला लाभणारे वातावरण क्रॉनला मिळत नाही. या चुकीची तक्रार क्रॉनने रोज केली असणार. ती आपल्याच संगणकातील स्थानिक टपालपेटीत पडून असेल, ती एकदा उघडून पाहावी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. 'स्क्रिप्ट कोणतीही चूक न दाखवता पूर्ण होते' हे आपले वाक्य खरे आहे, परंतु त्यातून आपण काढलेला अर्थ खरा नाही. 'मेल' ही आज्ञा संदेश आपल्याच संगणकावरील टपाल-प्रणालीच्या, बहुधा पोस्टफिक्सच्या, रांगेत ठेवते आणि मोकळी होते. पुढे पोस्टफिक्स ६२ सभासदांच्या सर्व्हरांशी आपल्या ब्रॉडबँड जोडणीवरून थेट बोलू पाहतो. या जोडणीचा आयपी पत्ता बदलता असतो, त्यामागे कोणतेही नोंदवलेले डोमेन नसते आणि प्रेषकाचा पत्ता म्हणून संगणकाचे घरगुती नाव लागलेले असते. अशा अनोळखी ठिकाणाहून आलेले टपाल मोठे सर्व्हर नाकारतात किंवा स्पॅममध्ये टाकतात, आणि स्पॅमचे प्रमाण पाहता त्यांचे तसे वागणे योग्यच आहे. रांगेत काय अडकले आहे हे 'मेलक्यू' ही आज्ञा दाखवते, आणि प्रत्येक संदेशाला समोरून काय उत्तर आले ते मेलच्या लॉग फाइलीत लिहिलेले असते.

यावर उपाय असा की, स्वतः टपाल वाटत न फिरता ते एका मान्य सर्व्हरकडे सोपवावे. पोस्टफिक्सच्या रचनेत 'रिलेहोस्ट' म्हणून गटाच्या ईमेल खात्याचा सर्व्हर द्यावा, पोर्ट ५८७ वापरावे, वाटेत कोणी वाचू नये म्हणून जोडणी टीएलएस या पद्धतीने सांकेतिक करावी आणि प्रेषकाचा पत्ताही त्याच खात्याचा ठेवावा. खाते जीमेलचे असल्यास नेहमीचा पासवर्ड येथे चालणार नाही. वैयक्तिक खात्यांसाठी गुगलने ती सोय मे २०२२ मध्ये बंद केली. आता द्विस्तरीय पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा स्वतंत्र ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. तो स्क्रिप्टमध्ये कदापि लिहू नये, कारण स्क्रिप्ट आपण उद्या कोणा मित्राला नमुना म्हणून द्याल आणि पासवर्डही सोबत जाईल. तो वेगळ्या फाइलीत ठेवावा आणि ती फाइल केवळ रूट वापरकर्त्याला, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रशासकाला, वाचता येईल, अशी परवानगी लावावी. अशा खात्यावरून दिवसाला ५०० ईमेलची मर्यादा असते. आपले ६२ त्यात सहज बसतात. मात्र सर्व पत्ते एकाच संदेशात घालू नयेत. प्रत्येक सभासदाला त्याचाच तपशील स्वतंत्र जावा, कारण एकाच्या मालाचे वजन आणि भाव दुसऱ्याने पाहण्याचे कारण नाही.

एमएसएमटीपी नावाचा एक लहान प्रोग्राम याहून सोपा आहे आणि बरेच जाणकार तोच सुचवतात. आपल्यासाठी मी तो सुचवत नाही, आणि त्याचे कारण रावेरच्या हवामानात आहे. मे-जूनमध्ये वादळी वारा सुटला की केळीच्या बागांबरोबर विजेच्या ताराही पडतात, आणि नेमके ७ वाजता इंटरनेट नसणे ही आपल्याकडे नित्याची बाब आहे. एमएसएमटीपी रांग ठेवत नाही. जोडणी नसेल तर तो त्याच क्षणी अपयश कळवून थांबतो. पोस्टफिक्सची रांग डिस्कवर असते, संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला तरी ती शाबूत राहते, आणि मुळातील मांडणीनुसार तो ५ दिवसांपर्यंत पुनःपुन्हा प्रयत्न करतो. संगणकच ७ वाजता बंद असेल तर मात्र क्रॉन चुकलेली वेळ भरून काढत नाही. त्यासाठी उबुंटूमधील सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडी या प्रणालीचा टायमर वापरून त्यात 'परसिस्टंट' हा पर्याय सुरू ठेवावा, म्हणजे वीज आल्यावर राहिलेले काम होईल.

मराठी अक्षरे विस्कटण्याचे मूळ जुने आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये मांडलेला एसएमटीपी हा ईमेल पाठवण्याचा संकेत केवळ इंग्रजी अक्षरांच्या ७ बिटी संचासाठी होता, आणि इतर लिप्यांची सोय १९९२ च्या माइम या मानकाने आली. त्यानुसार विषयाची ओळ बेस-६४ मध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी चिन्हांच्या रूपात, बांधून पाठवावी लागते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते. 'केळी' या शब्दात मात्रा आणि वेलांटी धरून ४ चिन्हे येतात. त्यांचे १२ बाइट होतात आणि ते १६ इंग्रजी चिन्हांच्या रूपाने प्रवास करतात. ही बांधणी शेलमध्ये हाताने करण्यापेक्षा पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या 'ईमेल' या मॉड्यूलवर सोपवावी. ते ती अचूक करते.

शेवटी पोच. धरणगावजवळच्या एका जिनिंगमध्ये मी अशीच एक स्क्रिप्ट पाहिली होती. निकाल न तपासता ती रोज 'ईमेल पाठवले' असे पडद्यावर छापत असे. पासवर्ड बदलल्यानंतर आठ दिवस एकही ईमेल गेले नाही आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही. सर्व्हरच्या उत्तराचा पहिला अंक २ असेल तर संदेश स्वीकारला गेला, ४ असेल तर अडचण तात्पुरती आहे, ५ असेल तर नकार कायमचा आहे. ५३५ म्हणजे ओळख पटली नाही, ५५० म्हणजे बहुधा तो पत्ताच अस्तित्वात नाही. २५० हे उत्तर देखील सर्व्हरने संदेश ताब्यात घेतला एवढेच सांगते. सभासदाच्या पेटीपर्यंत न पोहोचलेले टपाल नंतर प्रेषकाच्या पेटीत परत येते, म्हणून गटाची ती पेटी रोज सकाळी उघडणारी एक व्यक्ती आजच नेमावी.

प्रश्न : मी स्कॅन केलेल्या पावत्यांची २२ एमबीची फाइल स्क्रिप्टने पाठवतो. सर्व्हरची मर्यादा २५ एमबी असूनही ५५२ हे उत्तर येऊन संदेश नाकारला जातो. असे का व्हावे?
— एक वाचक, शहादा

उत्तर : जोडलेली फाइलही बेस-६४ मध्येच जाते आणि त्यात दर ३ बाइटचे ४ होतात. आपले २२ एमबी वाटेत २९ एमबींहून अधिक होतात. मूळ फाइल १८ एमबींच्या आत ठेवावी. पावत्या रंगीतऐवजी करड्या छटेत स्कॅन केल्यास ती बहुधा त्याहूनही लहान होईल.