वाचक विचारतात : अंधारातला नेम आणि लाखांचे गुण

प्रश्न : मुलाकडे अमेरिकेत गेलो असता फ्लोरिडातील मॅजिक किंगडम या उद्यानात ‘बझ लाइटइयर्स स्पेस रेंजर स्पिन’ नावाच्या राइडमध्ये बसण्याचा योग आला. गाडीत बसून अंधाऱ्या दालनांतून जाता जाता प्रकाशाच्या बंदुकीने लक्ष्ये टिपायची, असा तो खेळ आहे. लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत लहानपणापासून फुगे फोडत आल्यामुळे आपला नेम बरा आहे, असा माझा समज होता. प्रत्यक्षात माझे गुण 20 हजारांच्या आत राहिले आणि शेजारी बसलेल्या 9 वर्षांच्या नातीचे 3 लाखांवर गेले. दोष बंदुकीत होता की माझ्यात?
– एक निवृत्त मुख्याध्यापक, लातूर

उत्तर : दोष बहुधा कोणातच नव्हता. आपण नेमाची परीक्षा द्यायला बसलात आणि नातीने, कळत असो वा नकळत, गुणांची वाटणी ओळखली. 1998 साली सुरू झालेल्या या राइडमध्ये लक्ष्याचा आकारच त्याचे मोल सांगतो. गोल लक्ष्याला 100 गुण, चौकोनाला 1,000, पत्त्यांतल्या चौकटीसारख्या आकाराला 5,000 आणि त्रिकोणाला 10,000. म्हणजे एक त्रिकोण टिपला की शंभर गोल टिपल्यासारखे झाले. यात्रेतल्या फळीवर सगळे फुगे सारख्याच किमतीचे असतात, त्यामुळे समोरचा, जवळचा, हमखास फुटणारा फुगा आधी उडवायचा ही सवय हाताला लागलेली असते, आणि तीच इथे नडते. शिवाय फुगा एकदा फुटला की संपला. इथले लक्ष्य मात्र पुन्हा पुन्हा टिपता येते आणि दर वेळी गुण देते. काही लक्ष्ये तर आकारावरून वाटते त्यापेक्षा कितीतरी जास्त गुण देतात, आणि जुन्या जाणत्यांना त्या जागा पाठ असतात. गुणफलक 9,99,999 वर थांबतो. तिथपर्यंत पोहोचणारी मंडळी दहा ठिकाणी बंदूक फिरवत बसत नाहीत, दोन-तीन मोलाच्या लक्ष्यांना चिकटून राहतात.

दुसरी गोष्ट बंदूक धरण्याची. छऱ्याच्या बंदुकीचा दस्ता खांद्याला आणि गाल दस्त्याला लावला की डोळा, नळी आणि फुगा एका रेषेत येतात. या राइडच्या मूळ रूपात बंदूक गाडीच्या पुढच्या भागावर खिळवलेली होती आणि ठरावीक मर्यादेतच हलत होती. डोळा नळीच्या मागे नेण्याची सोयच तिच्यात नव्हती. (टोकियोत 2004 साली आणि कॅलिफोर्नियात 2005 साली निघालेल्या याच धर्तीच्या राइडमध्ये बंदूक हातात उचलून घेता येत असे, तिला फक्त वायर जोडलेली असे.) अशा वेळी नळीकडे पाहून नेम धरणारा माणूस हमखास वर किंवा खाली मारतो. पाहायचे ते लक्ष्याजवळ पडणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याकडे, आणि हात त्याच्या मागे न्यायचा. आजूबाजूच्या गाड्यांचेही ठिपके भिंतीवर नाचत असल्यामुळे आपला कोणता हे कळेनासे होते. तेव्हा बंदूक किंचित डावी-उजवीकडे हलवावी, जो ठिपका बरोबर हलेल तो आपला.

हलत्या वस्तूच्या थोडे पुढे नेम धरण्याची शिकाऱ्याची रीतही इथे निरुपयोगी ठरते. छऱ्याला पोहोचायला वेळ लागतो. प्रकाश 10 मीटर अंतर सुमारे 33 अब्जांश सेकंदात कापतो, म्हणजे तेवढ्या वेळात आपली गाडी जागची हलली असे म्हणता येत नाही. लक्ष्य दिसते तिथेच मारावे.

तिसरी गोष्ट गाडीची, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. या राइडमधील गाड्या एकामागे एक साखळीसारख्या जोडलेल्या असून अखंड सरकत असतात. प्रत्येकाला प्रत्येक दालनात सारखाच वेळ मिळतो. मात्र गाडीत एक दांडा असतो आणि त्याने गाडी जागच्या जागी फिरवता येते. मोलाचे लक्ष्य समोर आले की गाडी त्याच्याकडे वळवायची आणि ती पुढे सरकत गेली तरी तोंड मागेच ठेवायचे. लक्ष्य मग कितीतरी जास्त वेळ माऱ्यात राहते. तो दांडा कोणाच्या हाती होता, हे आपण लिहिलेले नाही. नातीच्या हाती असेल, तर निम्म्याहून अधिक उत्तर तिथेच मिळाले. आणखी एक योगायोगही असतो. एखाद्या प्रवाशाला बसण्या-उतरण्यास मदत लागली की सगळी साखळी क्षणभर थांबते, पण बंदुका आणि लक्ष्ये चालूच राहतात. त्या वेळी ज्याच्यासमोर मोठे लक्ष्य असेल, त्याची चांदी होते.

मात्र हे सगळे आडाखे दुसऱ्या राइडला जसेच्या तसे लावू नयेत. फ्लोरिडातच युनिव्हर्सल स्टुडिओच्या उद्यानात 2000 साली सुरू झालेल्या ‘मेन इन ब्लॅक : एलियन अटॅक’मध्ये दोन गाड्यांची आपसात चुरस असते, समोरच्या गाडीवर नेम लागला तर ती गरगर फिरते, आणि शेवटी सूचना मिळताक्षणी लाल बटण दाबणाऱ्याला 1 लाख गुण जास्तीचे मिळतात. डिस्नेच्या 2008 सालच्या ‘टॉय स्टोरी मेनिया’त त्रिमितीय चष्मा लावून पडद्यावर नेम धरायचा असतो आणि प्रत्येक माऱ्यासाठी दोरी ओढावी लागते. तिथे उडतात ती अंडी, चेंडू, कड्या असल्या वस्तू, आणि संगणक त्यांना खऱ्या वस्तूंसारखा प्रवास करायला लावतो. म्हणून वर बाद ठरवलेली शिकाऱ्याची रीत तिथे पुन्हा उपयोगी पडते. शिवाय दोघांनी मिळून ठरावीक लक्ष्ये टिपली की नवी, जास्त गुणांची लक्ष्ये उघडतात. त्यामुळे आजोबा आणि नातीने तिथे स्पर्धा न करता संगनमत केलेले बरे. दंडाला दुसऱ्या दिवशी जाणीव होते, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : अमेरिका आम्हाला कुठली परवडणार! आपल्या राज्यात असे काही आहे का?
– एक वाचक, वसमत

उत्तर : आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत खोपोलीजवळ 2013 साली सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानात ‘अलीबाबा और चालीस चोर’ या नावाची, गाडीत बसून चोरांवर नेम धरण्याची राइड आहे. आपल्याकडून निघणाऱ्यांनी पुण्यात मुक्काम करून सकाळीच तिथे पोहोचावे. रात्रभर प्रवास करून थेट उद्यानात शिरणाऱ्या कुटुंबांची दुपारपर्यंत काय अवस्था होते, ते सांगायला नको. एखादी राइड दुरुस्तीसाठी बंद असू शकते, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी चौकशी करावी.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेतील सातवीच्या मुलांना विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकाशाच्या बंदुकीने पेटणारे लक्ष्य करायचे आहे. आम्ही लेझर पॉइंटर आणि प्रकाशसंवेदी रोध वापरून पाहिला. परंतु वर्गाची खिडकी उघडली की लक्ष्य आपोआप पेटते. मोठ्या राइडमध्ये हे कसे टाळतात?
– एक शिक्षक, जालना जिल्हा

उत्तर : आपल्या मुलांनी ज्या अडचणीला हात घातला आहे, ती या खेळाइतकीच जुनी आहे. प्रकाशाने बदक टिपण्याचा खेळ अमेरिकेतील सीबर्ग कंपनीने 1936 सालीच बाजारात आणला होता. त्यातही लक्ष्यात प्रकाश ओळखणारी नळी होती. प्रकाश ओळखणे सोपे असते. अवघड असते ते आपल्या बंदुकीचा प्रकाश आणि सूर्याचा प्रकाश यांत फरक करणे. प्रकाशसंवेदी रोधाला तो फरक कळत नाही, त्याला फक्त उजेड वाढला एवढेच समजते.

यावरचा उपाय प्रत्येकाच्या घरात टीव्हीच्या रिमोटमध्ये आहे. रिमोटचा अवरक्त म्हणजे इन्फ्रारेड दिवा बटण दाबताच सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा उघडमीट करतो, आणि टीव्हीतला ग्राहक म्हणजे संकेत पकडणारा रिसीव्हर तेवढ्याच गतीने लुकलुकणाऱ्या प्रकाशाला दाद देतो. सूर्यप्रकाश कितीही प्रखर असला तरी तो लुकलुकत नाही, म्हणून ग्राहक त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. राइडमध्येही हेच तत्त्व वापरतात आणि त्यावर प्रत्येक बंदुकीचा वेगळा संकेत चढवतात, म्हणजे कोणी टिपले हे संगणकाला कळते. काही ठिकाणी रचना उलटी असते : लक्ष्य आपला संकेत सोडत राहते आणि तो पाहणारा डोळा बंदुकीत असतो. दिसणारा रंगीत ठिपका बऱ्याचदा खेळणाऱ्याच्या समाधानापुरता असतो. गुण देणारा किरण डोळ्यांना दिसतच नाही.

मुलांना टीएसओपी 1738 हा तीन पायांचा ग्राहक घ्यायला सांगावे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात टीव्ही दुरुस्त करणारे तो नेहमीच नेतात. बंदुकीत 555 टायमर (ठरावीक गतीने वीज चालू-बंद करणारी चिप) बसवून 1 किलोओहम आणि 18 किलोओहम हे रोध व 1 नॅनोफॅरडचा धारित्र म्हणजे कपॅसिटर लावल्यास गती 39 हजारांच्या आसपास येते. अचूक जुळणीसाठी 18 किलोओहमच्या जागी फिरवता येणारा रोध लावावा. इथे एक मेख आहे. हा ग्राहक सलग लुकलुकणाऱ्या प्रकाशाला थोड्याच वेळात गोंधळ समजून नाकारू लागतो. त्यामुळे दुसरा 555 वापरून पहिल्याच्या चौथ्या पायाला सेकंदाला काहीशे वेळा चालू-बंद करावे, म्हणजे प्रकाश तुटक झुंडींनी बाहेर पडेल. अवरक्त दिवा 5 व्होल्टवर 100 ओहमच्या रोधातून जोडावा. प्रकाश पडताच ग्राहकाचे टोक शून्यावर येते, तेव्हा लक्ष्याचा दिवा किंवा बझर थेट न जोडता बीसी 557 सारख्या ट्रान्झिस्टरमार्फत जोडावा. बंदुकीतला अवरक्त दिवा पेटतो की नाही हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहता येते. अनेक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात तो जांभळट दिसतो.

एवढे जमल्यावर मुलांची खरी फजिती सुरू होईल, कारण बंदूक कुठेही रोखली तरी लक्ष्य पेटेल. चुन्याने रंगवलेल्या वर्गात अवरक्त प्रकाश भिंतींवरून उसळून ग्राहकापर्यंत पोहोचतो. राइडची दालने काळी रंगवतात ती अंधारासाठी आणि यंत्रसामग्री झाकण्यासाठी तर खरीच, पण हा उसळणारा प्रकाश आवरण्यासही काळ्या, खरखरीत पृष्ठभागाची मदत होते. मुलांनी पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आतून काळ्या कागदाने मढवावा, एका टोकाला भिंग आणि भिंगाच्या नाभीय अंतरावर दिवा बसवावा. ग्राहकालाही दोन बोटे लांबीची काळी टोपी घालावी, म्हणजे बाजूचा प्रकाश आत शिरणार नाही. भिंग थोडे पुढे-मागे केले की किरण रुंद किंवा अरुंद होतो आणि खेळ सोपा किंवा अवघड होतो. प्रदर्शनात परीक्षकांना हे करून दाखवावे. तक्त्यावर लिहिलेल्या चार ओळींपेक्षा त्याचे वजन जास्त पडेल.

प्रश्न : अशा खेळांतील लेझरमुळे मुलांच्या डोळ्यांना इजा होते का? माझ्या मुलाचा एक डोळा तिरळा असल्यामुळे काळजी वाटते.
– एक आई, अंबाजोगाई

उत्तर : नामांकित राइडमध्ये कमी शक्तीचा प्रकाश वापरतात. दिसणारा लेझर 1 मिलिवॅटच्या आत असेल, तर डोळा पाव सेकंदात आपोआप मिटतो आणि इजा टळते. तरीही बंदूक कोणाच्या चेहऱ्यावर रोखू नये, हे मुलाला बजावून ठेवावे. मला जास्त काळजी वाटते ती जत्रेत खेळणे म्हणून विकल्या जाणाऱ्या हिरव्या पॉइंटरची. त्यावर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. मिरवणुकांतील लेझरने डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या घटना राज्यातील नेत्रतज्ज्ञांनी सांगितल्या आहेत. तो पॉइंटर घरात आणू नये. तिरळेपणामुळे त्रिमितीय चष्म्याच्या राइडमध्ये खोलीचा भास कदाचित होणार नाही, परंतु एका डोळ्याने पाहूनही खेळता येते. चष्म्याविना खेळायच्या राइडमध्ये तर काहीच अडचण नाही. मुलाला फिट येत असतील, तर मात्र लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या राइडमध्ये डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसवू नये.

प्रश्न : मी दहावीत आहे. मॉलमधल्या नेमबाजीच्या खेळात मी नेहमी पहिला येतो. मला स्वप्निल कुसाळे यांच्यासारखे व्हायचे आहे. या खेळाचा सराव उपयोगी पडेल का?
– एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : फारसा नाही, आणि हे आताच समजलेले बरे. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते 50 मीटर रायफलमध्ये, गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत. सुरुवात करणारे बहुधा 10 मीटर एअर रायफलपासून करतात. तिच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. राइडमधले लक्ष्य तळहाताएवढे असते, बंदुकीला झटका नसतो, चुकलेल्या नेमाची किंमत मोजावी लागत नाही आणि चाप जितका भराभर ओढाल तितका फायदाच होतो. रायफलच्या नेमबाजाला नेमके उलटे शिकावे लागते : श्वास सोडून शरीर स्थिर करणे आणि चाप इतका हळू दाबणे, की गोळी सुटण्याचा क्षण आपल्यालाही आधी कळू नये. मॉलमध्ये लागलेली झटक्याने चाप ओढण्याची सवय मोडायला प्रशिक्षकांचे काही आठवडे जातात. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये रायफल शूटिंगचा समावेश आहे. परीक्षा आटोपली की शाळेच्या क्रीडाशिक्षकांना बरोबर घेऊन परभणीच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जावे आणि जवळचे प्रशिक्षण केंद्र कोणते, ते विचारावे. रायफल विकत घेण्याची घाई करू नये. पहिले काही महिने केंद्रातल्या रायफलवर काढता येतात का, हे त्याच भेटीत विचारून घ्यावे.