शिकरा हा छोटा शिकारी पक्षी घरट्यासाठी जागा कशी निवडतो? आपल्यासारख्यांनी संशोधनाला काय मदत करायची?

जागेचं म्हणाल तर दाट पानांचं उंच झाड, वर मजबूत बेचकं आणि आसपास सरडे, खारी, छोटे पक्षी. एवढं असलं की खाली पार्किंग असलं तरी शिकऱ्याला चालतं. पण नुसतं झाड बघून भागत नाही. दिल्लीत निशांत कुमार या संशोधकाने आणि त्यांच्या टीमने घारींचा अभ्यास केलाय, तिथे ज्या मुस्लिम वस्त्यांत घारींना मांसाचे तुकडे घालायची रीत आहे त्यांच्या जवळपास घरटी जास्त सापडली. म्हणजे आपण कसे राहतो यावर पण शिकारी पक्ष्यांचं बरंच ठरतं.

मदतीचं मात्र मला सविस्तर बोलायचंय. आमची सोसायटी कोथरूडला, वेताळ टेकडीच्या पायथ्याशी. तिथल्या आंब्यावरचं शिकऱ्याचं घरटं सगळ्यात आधी कळलं ते आमच्या वॉचमनकाकांना, दुर्बीण नाही काही नाही. एकाच गाडीच्या बॉनेटवर रोज पांढरी शीट, साळुंकीची पिसं, एकदा तर खारीची अख्खी शेपूट, म्हणून त्यांनी वर बघितलं. नर भक्ष्य घेऊन थेट घरट्यावर येत नाही, शेजारच्या झाडावर बसून ओरडतो, मग मादी (ती त्याच्यापेक्षा मोठी) उठून जाते आणि घेऊन येते, हे मला काकांनी दाखवलं. मग एका संस्थेचे लोक आले, काकांना खोदून खोदून विचारलं, सगळं लिहून घेतलं आणि गेले ते गेलेच. मी फोन केला तर म्हणे वॉचमनचं निरीक्षण सायंटिफिक धरता येत नाही. अहो मग विचारलंत कशाला? झाडाखाली दिवसभर तो माणूस असतो, तुम्ही नाही. आणि ऐन एप्रिलमध्ये पावसाळ्याआधीच्या छाटणीला माणसं आली तेव्हा वर पिल्लं आहेत म्हणून त्यांना गेटवरच अडवलं ते काकांनीच. माहिती ज्याने दिली त्याला निकाल मराठीत येऊन सांगा, रिपोर्टमध्ये त्याचं नाव घाला, हे जमत नसेल तर लोकांच्या दारात जाऊ नका.

तुम्ही तारीख, भक्ष्य काय आणलं, पिल्लं कधी उडाली हे वहीत लिहा, ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) ब्रीडिंग कोडसकट, म्हणजे घरटं, अंडी, पिल्लं यांची खूण लावून टाका. घरट्याचा फोटो आणि पत्ता व्हॉट्सॲपवर अजिबात नको, कॅमेरेवाल्यांची जत्रा भरते आणि मादी अंडी सोडून जाऊ शकते. बाकी मी सांगितलं ते आमच्या एका झाडाचं, तुमच्याकडे वेगळं दिसलं तर तेच लिहा. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर घरात नेऊन दूध वगैरे पाजू नका, वनविभागाच्या 1926 ला फोन करा.